त्रेचाळीस अर्जांचं शेवटचं वाक्य

यज्ञेश्वर चिटणीसांच्या पूर्वजांनी एकही लढाई मारली नव्हती, पण शिंद्यांनी मारलेल्या आणि हरलेल्या बऱ्याच लढायांनंतरची पत्रं त्यांनीच लिहिली होती, असं त्यांच्या घरात सांगितलं जाई. हरलेल्या लढाईचं पत्र जास्त कठीण, असं त्यांचे आजोबा म्हणत. त्यात मजकूर कमी आणि मायना जास्त लागतो.

ही विद्या यज्ञेश्वरांपर्यंत पोचली तोवर दरबार गेला होता, लढाया गेल्या होत्या. उरला होता मक्सी रोडवरचा धाग्याचा कारखाना, त्यातला आस्थापना विभाग आणि एक जुना टाइपरायटर, ज्याचा 'आर' ओळ सोडून वर उडी मारत असे. तिथे त्यांनी चोवीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. बाहेरचा पत्रव्यवहार वेगळा. माधव नगरात कोणाला गॅसची नोंदणी बदलायची असो, मुलाची फी माफ करून घ्यायची असो, की भोपाळला बदली मागायची असो, माणूस कोरा कागद आणि कचोरीचा पुडा घेऊन चिटणीसांकडे येई. कागदाचा अर्ज होई आणि कचोरी घरात खाल्ली जाई.

यज्ञेश्वरांचं एक तत्त्व होतं. पत्राच्या शेवटी काहीतरी भारदस्त आलं पाहिजे. पूर्वी 'बहुत काय लिहिणे' असे. इंग्रजी अर्ज मात्र मजकूर संपला की एकदम 'यूअर्स फेथफुली' म्हणून मोकळा होतो, म्हणजे ताक न पिता पानावरून उठल्यासारखंच. म्हणून ते सहीच्या आधी एक वाक्य घालत. 'आय ॲम डिटरमिन्ड टु टर्न ओव्हर अ न्यू लीफ.'

हे वाक्य त्यांना १९६२ साली कॉलेजच्या पहिल्या वर्षात मिळालं. सरांनी वीस वाक्प्रचार सांगितले होते. एकोणीस कालांतराने गेले. विसावा राहिला, कारण तो तासाच्या अगदी शेवटी आला. यज्ञेश्वरांनी त्याच्यापुढे 'नव्याने सुरुवात करणे' एवढं लिहिलं आणि घंटा वाजली. सर पुढेही काही बोलत होते, पण वर्ग उठला होता. ते पुढचं बोलणं यज्ञेश्वरांपर्यंत पोचायला चौतीस वर्षं लागली.

१९९३ साली, देशाने आपली दारं उघडली असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती त्याच सुमारास, कारखान्याने आपलं दार बंद केलं. यज्ञेश्वर घरी आले, टाइपरायटरही घरी आला. "मी फॉल-पिको करते, अपर्णा शाळेत शिकवते," त्यांच्या पत्नी सुनंदाबाई आल्या-गेल्याला सांगत, "आणि हे खानदानाची परंपरा चालवतात." हे त्या रागाने म्हणत नसत. त्यामुळे ते जास्त लागत असे.

तीन वर्षांनी पुण्याच्या एका कंपनीने कारखाना विकत घेतला. जाहिरात आली. जुन्या नोकरदारांनी इंग्रजीत अर्ज करावेत, वयाची त्रेपन्न पूर्ण झालेली नसावीत. यज्ञेश्वरांना बावन्न पूर्ण होऊन पाच महिने झाले होते. पुढच्या जाहिरातीपर्यंत ते या जगातून नव्हे, पण जाहिरातीतून नक्कीच बाद होणार होते.

नऊ दिवसांत त्यांच्या ओटीवर बेचाळीस माणसं येऊन गेली. फिटर, जॉबर म्हणजे मुकादम, पॅकिंगवाले, टाइम ऑफिसवाले. बेचाळीस अर्ज झाले, त्रेचाळिसावा त्यांचा स्वतःचा. नाव, वय, खातं प्रत्येकाचं वेगळं. शेवटचं वाक्य सगळ्यांचं एकच.

"ह्याचा मतलब काय, चिटणीससाहेब?" भैरवगढ़च्या प्रकाशने विचारलं होतं. प्रकाश फिटर. त्याचं घर छिप्यांचं, कापडावर ठप्पे मारणाऱ्यांचं, त्यामुळे नखं कायम निळी. मराठी लोकांशी तो हट्टाने मराठी बोले.

"मतलब की आता नवी शुरुआत."

"मग बिलकुल घाला. मोठ्या टाइपात येत नाही का?"

पंधरा दिवसांनी सगळ्यांना एकाच नमुन्याचं उत्तर आलं. मुलाखती सोमवारपासून तीन दिवस. खाली एक ओळ जास्तीची होती: अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल आपल्याला विचारण्यात येईल.

यज्ञेश्वरांनी ते पत्र मुलीपुढे ठेवलं. वाक्य नजरेत भरलं याचा त्यांना आनंद झाला होता, आणि तो घरात कोणीतरी पाहावा अशी इच्छा होती. अपर्णा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवायची. तिने पत्र वाचलं, मग अर्जाची नक्कल मागितली आणि तीही वाचली.

"बाबा, हे तुम्ही सगळ्यांना लिहून दिलंत?"

"सगळ्यांना. का?"

"ह्याचा अर्थ काय सांगितलात त्यांना?"

"नव्याने सुरुवात करणे."

"ती आहेच. पण कोण करतो सुरुवात? ज्याची आधीची वागणूक खराब आहे तो. तुरुंगातून सुटलेला माणूस म्हणेल, रोज पिणारा नवरा बायकोला म्हणेल, की आजपासून सुधारलो. साध्या माणसाने नोकरीच्या अर्जात नाही म्हणायचं हे." मग तिने जरा जपून विचारलं, "तुम्ही कोशात नाही बघितलं कधी?"

"येत असलेलं कोण बघतं?" यज्ञेश्वर म्हणाले.

त्यांनी कोश काढला. कोश अपर्णाच्या बाजूने होता. त्यांनी दुसरा काढला. दुसऱ्यात उदाहरणही दिलं होतं आणि त्यातला माणूस जुगारी होता.

म्हणजे कारखान्यातल्या बेचाळीस माणसांकडून, त्यांच्या नकळत, त्यांच्या सहीने, वाईट वागणुकीची लेखी कबुली घेऊन यज्ञेश्वरांनी ती नव्या मालकाला रजिस्टर पोस्टाने पाठवली होती. आणि हे एवढ्यावर थांबत नव्हतं. वाक्य जिथे जिथे गेलं होतं ती ठिकाणं एकेक करून आठवायला लागली. शेजारच्या वकिलांच्या पूजाच्या लग्नात त्यांनी दिलेल्या शुभेच्छापत्रात नवरी नवं पान उलटणार होती. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिका विनोदिनीबाईंच्या मानपत्रात बाई छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर सुधारणार होत्या. बाईंनी ते मानपत्र काचेत लावून दिवाणखान्यात टांगलं होतं.

"आता काय करता?" सुनंदाबाईंनी आतून विचारलं.

"विचार करून राहिलो."

"जाऊन सांगा सगळ्यांना."

सांगायला पाहिजे, हे यज्ञेश्वरांना पटलं. मग त्यांनी सांगणं म्हणजे नेमकं काय होईल ते डोळ्यांपुढे आणलं. बेचाळीस माणसांपुढे उभं राहून, चोवीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या चिटणीसाला इंग्रजी येत नाही, असं म्हणायचं. आणि त्यांनी स्वतः अर्ज केला होता ती जागाच इंग्रजी पत्रव्यवहाराची. त्यांनी ठरवलं की घाई करू नये. साहेब लोक पत्रांत लिहितात त्या सगळ्याच गोष्टी विचारतात असं नाही.

सोमवारी ते कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. त्यांची स्वतःची मुलाखत सगळ्यांच्या शेवटी, एकट्याची, बुधवारी सकाळी होती, पण घरात बसवत नव्हतं. प्रकाश पहिल्याच तुकडीत होता. तो तासाभराने बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि चेहरा सत्यनारायण आटोपल्यासारखा.

"काय विचारलं?" यज्ञेश्वरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"बाई आहेत. दातार म्हणून, पुण्याच्या. लहान आहेत. म्हणाल्या, तुम्ही लिहिता नवं पान उलटणार. मग जुन्या पानावर काय होतं?"

"तू काय सांगितलं?"

"सांगून टाकलं."

"काय सांगून टाकलं, प्रकाश? जुन्या पानावर काय असणार तुझ्या?"

प्रकाशने निळ्या नखांनी कान खाजवला. "चौऱ्याऐंशीत दोन डबे नेले होते, रंग पक्का करायचा मसाला. भावाचे ठप्पे धुलाईत जात होते. डब्यात नेले, जेवणाच्या. बारा वर्षं झाली. कोणाला नाही सांगितलं, बायकोलाही नाही. आज कोणीतरी विचारलं." त्याने खोल श्वास घेतला. "छाती हलकी हो गई, साहेब. तुमचं इंग्लिश मानलं."

यज्ञेश्वरांना वाटलं होतं की लोक म्हणतील, आम्हाला माहीत नाही, चिटणीसांना विचारा. तसं म्हटलं असतं तर त्यांची एकट्याची अडचण झाली असती. पण लोकांनी कागदावरचं वाक्य स्वतःचंच मानलं होतं. लोकांना वाटलं, पुण्याच्या मोठ्या कंपन्यांत असा नियमच असेल, आत जाण्याआधी मन झाडून जायचं, चपला काढून जावं तसं.

दुपारपर्यंत टपरीवर जत्रा भरली. टाइम ऑफिसचा सुहास तारे बाहेर येऊन म्हणाला की सकाळचं घड्याळ तो सात मिनिटं पुढे ठेवायचा, फक्त पॅकिंगवाल्यांसाठी, कारण त्यांचा जॉबर त्याला गणपतीच्या वर्गणीवरून बोलला होता. जॉबर तिथेच बसला होता. तो म्हणाला, "मला माहीत होतं, म्हणून तर तुझ्या सायकलची हवा मी काढायचो," आणि मग तोही आत जाऊन तेवढं सांगून आला. कोणी कँटीनची साखर नेली होती, कोणी सासरा वारला म्हणून दोनदा रजा घेतली होती. माणसं आत जाताना घामेजलेली आणि बाहेर येताना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली. ज्यांची मुलाखत झाली होती तीही घरी जायचं नाव घेत नव्हती. टपरीवाल्याने दुसऱ्या दिवशी बाकडं जास्तीचं आणलं.

सगळ्या गर्दीत अन्न गोड लागत नव्हतं ते फक्त वाक्य लिहिणाऱ्याला. कबुल्या आता खऱ्या होत्या. त्या आत फाईलमध्ये लागत होत्या. कंपनीने नुसतं मनात आणलं, तर बेचाळीस घरांतली आशा एका कागदावर बाद करता येणार होती, आणि तो कागद त्यांच्या टाइपरायटरवरचा होता.

मंगळवारी रात्रीच्या जेवणात ते सुनंदाबाईंना म्हणाले, "मी उद्या सांगून टाकतो की वाक्य माझं आहे."

"मग तुमची जागा?"

"जाईल."

सुनंदाबाईंनी त्यांना अर्धी पोळी जास्तीची वाढली. "जाऊ द्या. तीन वर्षं नव्हतीच की."

बुधवारी सकाळी साडेनवाला ते आत गेले. खोली त्यांचीच, जुन्या आस्थापना विभागाची. फक्त खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूची मिळाली. समोर इशिता दातार. वय अपर्णापेक्षा दोन-चार वर्षांनी जास्त, केस आखूड, पुढ्यात बेचाळीस फायलींची चळत.

"बसा ना, चिटणीसकाका," ती म्हणाली. ते बसले नाहीत.

"मॅडम, एक सांगायचं आहे, मग बसतो. ते शेवटचं वाक्य त्या लोकांचं नाही. माझं आहे. मी सगळ्यांना घातलं. त्यांना अर्थ माहीत नव्हता." इथपर्यंत पाठ केलं होतं ते संपलं. "मलाही नव्हता. मला वाटायचं नवी सुरुवात. अर्धा अर्थ मला चौतीस वर्षं माहीत नव्हता. तुम्ही माझा अर्ज रद्द करा आणि बाकीच्यांचे शेवटचा परिच्छेद सोडून वाचा. एवढंच म्हणणं आहे."

"आणि त्यांनी मला जे सांगितलं ते?"

"ते तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. साहेब लोक फक्त चौकशी करायचे."

इशिता दातारने वरची फाईल उघडली आणि बोट ठेवलं. "हा 'आर' उडी मारतो. सगळीकडे मारतो. पाचव्या अर्जाला मला कळलं, लिहिणारा एकच आहे."

यज्ञेश्वर आता बसले.

"मग विचारलंत कशाला?"

"पुण्याहून मला वीस प्रश्नांचा छापील कागद मिळालाय. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता, वगैरे. आधी एका सुपरवायझरला विचारून बघितलं. म्हणाला, आपकी कृपा जहाँ रखे. दुसऱ्याला विचारलं, तोही कृपा म्हणाला." तिने कागद उलटा ठेवला. "तुमच्या वाक्यावर लोक बोलायला लागले. दोन दिवसांत मला कळलं की रंगाचं भांडार कुठून गळतं, घड्याळ कोण फिरवतं आणि कँटीनला साखर किती कमी पुरते. आधीच्या मालकाला हे वीस वर्षांत कळलं नव्हतं. अहो, मला हा कारखाना चालवायचाय. खोटं न बोलणारी माणसं आणखी कुठून आणू? घेतेय मी सगळ्यांना."

"बेचाळीस?"

"एकेचाळीस. एकाला पंचावन्न पूर्ण आहेत आणि तुम्ही त्याला बावन्न लिहिलंत. ते त्याने स्वतःच सांगितलं."

यज्ञेश्वरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला. खोलीतला पंखा पूर्वीसारखाच खडखडत होता आणि तो त्यांना फार चांगला वाटला.

"आता तुमचं," इशिता म्हणाली. "तुमच्या जुन्या पानावर काय आहे? हे वाक्य सोडून. ते झालं."

हा प्रश्न येईल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. उत्तर मात्र नऊ वर्षं तयार होतं.

"दिलीप म्हणून पॅकिंगला एक होता," ते म्हणाले. "सत्त्याऐंशीत न सांगता तीन दिवस गैरहजर राहिला. साहेबांनी सांगितलं, ताकीद द्या. दोन ओळींचं काम होतं. मी दीड पान लिहिलं. इंग्रजीत. 'मॅनेजमेंट शॅल नॉट हेझिटेट' वगैरे सगळं घातलं. छान झालं होतं ते पत्र. त्याने ते चार जणांकडून वाचून घेतलं. कोणाला कळलं नाही, पण एवढं मोठं आहे म्हणजे काढूनच टाकलं असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. तो परत आलाच नाही. महिन्याभराने नियमाप्रमाणे नाव कमी झालं. तेही पत्र मीच लिहिलं."

"तुम्ही सांगितलं नाहीत त्याला?"

"सांगायचं म्हणजे माझं पत्र कोणालाच कळलं नाही असं म्हणावं लागलं असतं. टावर चौकात त्याचा पोह्यांचा ठेला आहे. मी नऊ वर्षं पलीकडच्या फुटपाथने जातो."

इशिताने काही लिहून घेतलं नाही. ती म्हणाली, "त्याला यायचं असेल तर अर्ज करू दे. हिंदीत, चार ओळी. तुम्ही लिहायचा नाही. आणि तुम्ही पहिल्या तारखेपासून या. पत्रं तुम्हीच लिहा. शेवटचा परिच्छेद मी खोडत जाईन."

"रोज?"

"सवय जाईपर्यंत."

यज्ञेश्वर फाटकाबाहेर आले तेव्हा टपरीवर सगळे थांबले होते. "सब पास," ते म्हणाले, आणि पुढे काय झालं ते त्यांना नीट दिसलं नाही, कारण प्रकाशने त्यांना उचललं होतं. ज्याला पंचावन्न पूर्ण होते तोही नाचत होता. त्याला नंतर वेगळं सांगावं लागलं. तो म्हणाला, ठीक आहे, खोटं वय लक्षात ठेवण्याचा ताण तरी गेला, मुलगा कमावतोच आहे.

टेंपोने ते टावर चौकात उतरले. अकरा वाजत होते. पलीकडचा फुटपाथ सवयीने समोर आला, तो सोडून ते सरळ टावरच्या घड्याळाखालून ठेल्याकडे गेले. दिलीप आता चव्वेचाळीसचा असेल, पोट सुटलं होतं, कढईमागे तो ऐसपैस दिसत होता. त्याने यज्ञेश्वरांकडे पाहिलं आणि झारा थांबवला.

"आओ चिटणीसजी. नौ साल से उधर से निकलते हो. हमने सोचा, इनको पोहा पसंद नहीं."

यज्ञेश्वरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हिंदीत, मायन्याशिवाय. ती फक्त ताकीद होती. काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आला असतास तर कामावर असतास. मी येऊन सांगायला पाहिजे होतं.

दिलीपने दोन गिऱ्हाइकांच्या प्लेटा भरल्या. पैसे घेतले, सुटे दिले. मग फडक्याला हात पुसत विचारलं, "मतलब मुझे निकाला ही नहीं था?"

"नहीं."

"पक्का?"

"चिठ्ठी मैंने लिखी थी, दिलीप. पक्का."

दिलीप मान खाली घालून कढईकडे बघत राहिला. यज्ञेश्वरांनी शिव्या ऐकायची तयारी केली होती, पण त्याचे खांदे हलायला लागले आणि तो हसतोय हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"मेरी औरत," तो म्हणाला, "नौ साल से कहती है, तुमने कुछ किया होगा. ऐसे कोई किसी को नहीं निकालता. चोरी की होगी. मारपीट की होगी. मैं बोलता हूँ कुछ नहीं किया, तो बोलती है फिर निकाला क्यों. अब मुझे खुद लगने लगा था कि किया होगा कुछ."

"कारखाने में अर्जी दे दो. नई मैनेजर बोली हैं, ले लेंगी."

"अरे छोड़ो. पोहे में ज़्यादा है. और फैक्टरी तो फिर बंद होगी किसी दिन." त्याने गल्ल्याखालून शाळेच्या वहीचा एक कागद ओढला, तेलाचा डाग नसलेली बाजू वर केली आणि पुढे सरकवला. "ये लिख दो. कि नहीं निकाला था. घर ले जाऊँगा."

यज्ञेश्वरांनी पेन काढलं. हिंदीत लिहिलं: दिलीपला कारखान्यातून काढलं नव्हतं. तीन दिवस न सांगता गैरहजर राहिल्याबद्दल फक्त ताकीद होती. पत्र नीट लिहिलं गेलं नाही म्हणून त्याला वेगळं वाटलं. चूक लिहिणाऱ्याची आहे. खाली सही केली, तारीख घातली. चार ओळी झाल्या. हात सवयीने कागदावरच राहिला, ताकाची वाट बघत.

दिलीपने कागद उलटा फिरवून वाचला. ओठ हलवत एकदा, मग मोठ्याने एकदा. शेजारचा पानवालाही ऐकत होता आणि त्यालाही कळलं.

"बढ़िया है," दिलीप म्हणाला. "बस आख़िर में एक लाइन इंग्लिश की डाल दो. वज़न पड़ेगा."

"इंग्लिश मुझे आती नहीं," यज्ञेश्वर म्हणाले.

ते बोलून त्यांनी चौकभर नजर फिरवली. सिटी बस उलटी घेत होती. पानवाला चुना लावत होता. कोणी वळून पाहिलं नव्हतं.

दिलीपने कागदाची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि पोह्यांची प्लेट भरली.

"जीरावण मसाला कम या ज़्यादा?"

"ज़्यादा," यज्ञेश्वर म्हणाले. "और एक प्लेट बाँध भी दो, घर के लिए."